घास घशाखाली का उतरत नाही?

पोळीचा एक तुकडा दहा मिनिटे चघळायचा, घासागणिक पाणी प्यायचे, वरणभात मात्र मुकाट्याने गिळायचा. असे मूल बऱ्याच घरांत असते. आई रागावते, आजी म्हणते लाडाने बिघडले आहे. पुष्कळदा ते खरेही असते. पण काही मुले हट्टी नसतात. त्यांच्या अन्ननलिकेला आतून सूज आलेली असते.

हा ॲलर्जीचा विकार आहे. रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात गोळा होतात. तान्ही मुले दूध नाकारतात, ओकतात. थोडी मोठी मुले पोटात दुखते म्हणतात. पुढे घास अडकू लागतो. मुलींपेक्षा मुलांत हा विकार बराच अधिक आढळतो. फार दिवस याला आम्लपित्तच समजले जाई. 1995 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी आम्लाच्या औषधांनी बरी न होणारी 10 मुले निवडली आणि त्यांचे नेहमीचे अन्न बंद करून त्यांना अमिनो आम्लांचे खास दूध दिले. आठ मुलांचा त्रास थांबला, दोघांचा कमी झाला. दोष अन्नातील प्रथिनांचा होता. यात गाईचे दूध, गहू, अंडी व सोयाबीन आघाडीवर असतात.

मग हे अन्न सर्वांनाच का बाधत नाही? विकार घराण्यात असतो, हे अर्धेच उत्तर झाले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत साध्या भावंडांपैकी सुमारे 2.4 टक्क्यांना हा विकार आढळला, पण वेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या जुळ्यांत हेच प्रमाण 22 टक्के निघाले. रक्ताचे नाते तेवढेच, फरक एवढाच की जुळी एकाच वेळी गर्भात असतात आणि एकाच वेळी वाढतात. म्हणजे या काळातील परिस्थितीचा वाटा मोठा असला पाहिजे.

तान्हेपणी दिलेली अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारी औषधे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, सिझेरियन, जन्मतः अतिदक्षता विभागातील मुक्काम, या गोष्टी अशा मुलांच्या इतिहासात अधिक दिसतात. आतड्यातील उपयुक्त जंतूंची घडी विस्कटत असावी, असा तर्क आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही. तेव्हा सिझेरियन झालेल्या आईने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. ते अनेकदा बाळाच्या सुरक्षिततेसाठी केलेले असते. हातात आहे ते एवढेच: साध्या सर्दीला उरलेल्या बाटलीतले अँटिबायोटिक पाजू नये, आणि दूध ओकणाऱ्या पण छान वाढणाऱ्या बाळाला आम्लाचे औषध द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये.

शंका आल्यास पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीने पाहून अस्तराचे बारीक तुकडे तपासतात. त्याशिवाय निदान होत नाही. तपासणीआधी मनानेच दूध-गहू बंद करू नये. निदान चुकते आणि वाढत्या मुलाचे पोषणही मारले जाते. घास अडकून थुंकीही गिळता येत नसेल, तर केळे-भाताचे गोळे भरवत न बसता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

उपचारात कधी दम्याचाच फवारा देतात, पण तो श्वासाबरोबर आत ओढायचा नसतो. तोंडात मारून गिळायचा, आणि नंतर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही.