ग्रुप सोडल्यानंतरची नऊ वर्षं

रात्री साडेअकराला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडल्याचं कळतं. पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्यांपैकी चौघांचा वेगळा ग्रुप तयार होतो आणि तिथे खटला उभा राहतो. 'माज आलाय त्याला.' 'मी तेव्हाच म्हटलं होतं.' 'बघू आता एकटा काय दिवे लावतो ते!' सकाळच्या पहिल्या लेक्चरच्या आत निकालही लागलेला असतो. खरं सांगा, या खटल्यात तुम्ही कधी ना कधी न्यायाधीश होतातच ना? आणि एखाद्या वेळी आरोपीसुद्धा?

हाच खटला २५ मार्च २०१५ रोजी जगभर चालला. झेन मलिकने 'वन डिरेक्शन' सोडल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. ग्रुपचा जागतिक दौरा सुरू होता आणि हा मध्येच बाहेर पडला. आपल्या वयाच्या इतर मुलांसारखं साधं आयुष्य हवंय, असं त्याने निवेदनात म्हटलं. वय किती? २२. म्हणजे आपल्याकडे जो पोरगा एमएच्या दुसऱ्या वर्षाला असतो आणि अजून घरून पॉकेटमनी घेतो, त्या वयाचा.

मुळात ही पाच पोरं एकमेकांचे मित्र म्हणून एकत्र आलीच नव्हती. २०१० मध्ये 'द एक्स फॅक्टर' या ब्रिटिश स्पर्धेला पाचही जण एकेकटे आले होते. एकट्याने गाणाऱ्यांच्या गटात कुणाचाच पुढे नंबर लागला नाही, तेव्हा परीक्षकांनी पाचांची मोट बांधली. स्पर्धेत ती तिसरी आली आणि मग अक्षरशः जग जिंकत सुटली. आपले ग्रुप तरी वेगळे कसे बनतात? रोल नंबर शेजारी, हॉस्टेलची खोली एक, नाहीतर दोघांचीही लोकल तीच. मग दोन वर्षांत आपल्याला वाटायला लागतं की हे नातं जन्मजात आहे आणि ते सोडणं म्हणजे गद्दारी.

झेनची तक्रार गाण्याबद्दलही होती. त्याचा ओढा आर अँड बीकडे होता आणि ग्रुपच्या चकचकीत पॉपमध्ये त्याला जागा नव्हती, असं तो नंतर मुलाखतींत सांगत राहिला. मग त्याने आपल्या मनासारखं केलं. जानेवारी २०१६ मध्ये 'पिलोटॉक' आलं आणि ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. ग्रुप सोडल्याला बरोब्बर एक वर्ष झालं त्या तारखेला, २५ मार्च २०१६ रोजी, 'माइंड ऑफ माइन' हा अल्बम आला. तोही दोन्हीकडे पहिला. ब्रॅडफर्डच्या या पोराचे वडील पाकिस्तानी वंशाचे. त्याने अल्बममध्ये चक्क उर्दूत एक छोटं गाणं गायलं. वन डिरेक्शनमध्ये असता तर हे झालं असतं? शक्यच नाही.

झालं! खटल्याचा निकाल फिरला. 'बघा, हिंमत लागते' अशा पोस्ट सुरू झाल्या.

पण गोष्ट पुढे आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. जून २०१६ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्याचं गाणं होतं. आयत्या वेळी त्याने माघार घेतली आणि कारण लपवलं नाही. एकट्याने मोठ्या गर्दीसमोर उभं राहण्याच्या विचारानेच प्रचंड अस्वस्थ होतंय, हे त्याने जाहीरपणे लिहिलं. त्याच वर्षी दुबईचा कार्यक्रमही रद्द झाला. २०१८ मध्ये २७ गाण्यांचा 'इकारस फॉल्स' आला आणि ब्रिटन-अमेरिकेच्या यादीत पहिल्या पन्नासातही पोहोचला नाही. पुन्हा निकाल: 'ग्रुप सोडला आणि संपला.'

माझं म्हणणं असं, की हे सगळे निकाल चुकीचे होते. गाण्याचा नंबर बघून आपण माणसाला पास-नापास करत होतो. एकट्याने गाणं आणि एकट्याने उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्याला वर्षभरात जमली. दुसरीला कितीतरी जास्त वेळ लागला.

ग्रुप आपल्याला नक्की काय देतो, हे आत असताना कळत नाही. आमच्या कॉलेजच्या बँडमधली एक मैत्रीण बाहेर पडली, कारण तिला गझल गायची होती. रीतसर शिकली, तयारी केली. पहिल्याच स्वतंत्र कार्यक्रमात मुखडा छान झाला आणि तिने सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे आमचा गिटारवाला असायचा, मान डोलावणारा. त्या दिवशी तिथे नुसता स्पीकर होता. 'पुढच्या दोन ओळी कशा गायले, आठवतच नाही,' असं ती नंतर म्हणाली. तिचा आवाज तोच होता, पण डावी बाजू गेली होती.

आता कुणी म्हणेल, रॉबी विल्यम्सला नाही जमलं? जमलं की! पण तेही लगेच नाही. 'टेक दॅट'मधून तो १९९५ मध्ये बाहेर पडला. पहिला अल्बम यायला १९९७ उजाडलं आणि सुरुवातीला तो फारसा खपलाही नाही. मग 'एंजल्स' हे गाणं आलं आणि चित्र पालटलं. २००३ मध्ये नेबवर्थच्या मैदानात तीन रात्रींत पावणेचार लाख लोक त्याला ऐकायला आले. आणि २०१० मध्ये हाच माणूस जुन्या ग्रुपसोबत पुन्हा अल्बम करत होता! पहिल्या वर्षी निकाल लावणाऱ्यांनी यातलं काय ओळखलं होतं?

याचा अर्थ उठसूट ग्रुप सोडा असा नाही. रागाच्या भरात लेफ्ट होणं आणि 'मला वेगळं काहीतरी करायचंय' म्हणून बाहेर पडणं यात फरक आहे. आणि मागे राहिलेल्यांचंही दुखतं, त्यांची बाजू असते. झेन गेल्यावर उरलेल्या चौघांनी अल्बम पुरा करून दाखवला आणि मग तेही थांबले.

१७ मे २०२४ रोजी झेनने लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये स्वतःचा पहिला पूर्ण कार्यक्रम केला. स्टेडियममध्ये नाही, दोनेक हजार माणसांच्या थिएटरात. ग्रुप सोडल्याला नऊ वर्षं झाली होती. मग त्याने स्वतःचा दौरा जाहीर केला. तो सुरू होणार एवढ्यात, १६ ऑक्टोबरला, वन डिरेक्शनमधला लिअम पेन गेला. झेनने अमेरिकेतले कार्यक्रम पुढे ढकलले. भांडण मिटवायला, बोलायला भरपूर वेळ आहे असं विशीत आपण धरूनच चालतो. लिअम ३१ वर्षांचा होता.

म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तुम्ही बाहेर पडला असाल, तर पहिलं वर्ष जड गेलं म्हणून निर्णय चुकला असं समजू नका. आणि 'आत्ता नाही जमत' हे सांगायला लाजू नका. वेम्बलीला नाही म्हणणारा झेनच पुढे स्टेजवर आला. आणि तुम्ही मागे राहिलेल्यांपैकी असाल, तर तो चौघांचा वेगळा ग्रुप जरा म्यूट करा. गेलेल्याचा कार्यक्रम असेल, एकांकिका असेल, साधं प्रेझेंटेशन असेल, तर जाऊन पहिल्या रांगेत बसा. जमलं तर डावीकडे.

पुढे त्याच दौऱ्यात झेनने 'नाइट चेंजेस' गायलं. ते त्याचं एकट्याचं गाणं नव्हतं, वन डिरेक्शनचं होतं. पाच जणांचं गाणं तो एकटा गात होता आणि बाकीच्यांच्या ओळी प्रेक्षकांना पाठ होत्या.