वाहकाच्या लघवीतले रक्त आणि घाईची शस्त्रक्रिया

सिकल सेल विदर्भातील आपल्या वस्त्यांना नवा नाही. मध्य भारतातील सिकल सेलवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच छापून आला. पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि आदिवासींत हे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते, हे वैद्यकशास्त्राला तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही ‘एएस’ म्हणजे वाहक असलेल्या पोराला आजही एवढेच सांगितले जाते की, तुला काही होत नाही, फक्त लग्नाआधी रक्त तपासून घे.

हे बहुतांशी खरेही आहे. पण एक अपवाद आहे आणि तो जीवघेणा आहे.

१९९५ साली अमेरिकेत डेव्हिस, मोस्तोफी आणि सेस्टरहेन यांनी मूत्रपिंडाच्या एका वेगळ्याच कर्करोगाची नोंद केली. त्याचे नाव रीनल मेड्युलरी कार्सिनोमा. ३४ रुग्ण, वय ११ ते ३९, बहुतेक सारे कृष्णवर्णीय आणि सिकल सेलचे वाहक. शस्त्रक्रियेनंतर ते सरासरी १५ आठवडे जगले. गाठ कळेपर्यंत रोग बहुधा मूत्रपिंडाबाहेर गेलेला असतो, म्हणून नुसत्या सुरीने तो आटोपत नाही.

हजारो वाहकांत एखाद्यालाच हा रोग होतो. घाबरण्याचे कारण नाही, पण गाफील राहण्याचेही नाही. वाहकाच्या लघवीतून रक्त जाण्याची साधी कारणेही असतात आणि घोळ तिथेच होतो. ‘उन्हाळी लागली’, ‘मूतखडा असेल’ म्हणून गोळ्या देऊन बोळवण होते. तरुण वाहकाला रक्त दिसले तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन झालाच पाहिजे, असे आम्ही ठामपणे सांगतो.

गाठ निघाली तर पुढचा प्रश्न शस्त्रक्रियेचा. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या लहान गाठीत डॉक्टर तेवढाच भाग काढतात, बाकीचे मूत्रपिंड वाचवतात. तिथे ते योग्यच. या रोगात मात्र ती काटकसर चालत नाही. अख्खे मूत्रपिंड, भोवतीची चरबी आणि त्या भागातील लसिका ग्रंथी काढाव्या लागतात. त्याआधी गाठीचा तुकडा तपासून, आयएनआय-१ ही चाचणी करून निदान पक्के करायचे. मग कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलची केमोथेरपी. तिला रोगाने दाद दिली की शस्त्रक्रिया. रोग मूत्रपिंडापुरताच असला तरी बहुतेक रुग्णांत जाणकार हाच क्रम सांगतात. नेहमीच्या मूत्रपिंड कर्करोगातील महागड्या गोळ्या इथे सहसा चालत नाहीत. चालतात ती ही जुनी औषधे, आणि ती आपल्या देशात तयार होतात. क्रम चुकला तर मूत्रपिंडही जाते आणि माणूसही.

म्हणजे गाठीला हात लावण्यापूर्वी सर्जनला कळायला हवे की समोरचा रुग्ण वाहक आहे. त्यासाठी लागते ती सिकल सेलची साधी रक्ततपासणी. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे केंद्राने सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासी भागातील ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. आदिवासींना प्राधान्य मिळालेच पाहिजे. पण हेच जनुक अंगात वागवणाऱ्या शहरातील आपल्या वस्त्यांचे काय? जात सर्टिफिकेटावर पाहणारी ही व्यवस्था रोगाच्या बाबतीत मात्र नेमकी आंधळी होते!

आमची मागणी छोटी आहे. वाहकाच्या कार्डावर एक ओळ मराठीत छापा : लघवीतून रक्त गेल्यास सोनोग्राफी करा आणि हे कार्ड डॉक्टरांना दाखवा. शासन छापत नसेल तर विहारात होणाऱ्या आरोग्य शिबिरांत आपल्या डॉक्टरांनी ती पेनाने लिहून द्यावी.