मेजाखालची कळ

संगणकाच्या मेजाखाली, कोणाच्या नजरेस येणार नाही अशा जागी एक कळ बसवावी, ती दाबताच पडद्यावर उघडलेले सारे मिटून जावे, आणि ही कळ बाजारातून न आणता भंगारातल्या तुकड्यांतून स्वतः जुळवावी, हा उद्योग ऐकताच सुशिक्षित माणसाच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येते. कामचुकार कारकुनाची युक्ती किंवा इंजिनियरिंगच्या पोरांचा उपद्व्याप एवढ्यावर त्याची वासलात लागते. आमचे मत निराळे आहे. ज्याच्या पाठीमागे कधी कोणी येऊन उभे राहिले नाही, त्यालाच हे हसू परवडते.

मत मांडण्यापूर्वी करणी सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे यंत्रांविषयी लिहिणारे बहुधा स्क्रूही न उघडता तत्त्वज्ञानास प्रारंभ करतात. टाकाऊ कळफलक पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास मिळतो. पण तेथवर जाण्याचीही गरज पडू नये, घरोघरी माळ्यावर एखादा पडलेला असतोच. तो उघडला की आत तीन पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे निघतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक शाईच्या रेघा, मधल्यावर नुसती भोके. बोटाच्या दाबाने वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. टंकन म्हणतात ते एवढेच. या रेघा एका कडेस गोळा होऊन दोन बोटे रुंदीच्या एका हिरव्या पट्टीला भिडतात. कळफलकाचा मेंदू त्या पट्टीवर, पुष्कळदा डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली, दडलेला असतो. आपल्याला ती पट्टी तेवढी हवी. पापुद्र्यांना डाख देता येत नाही, उष्णतेने ते वितळतात. पट्टीच्या कडेवर काळ्या कार्बनचा लेप असतो, तो पात्याने तांबे चमकेपर्यंत खरवडावा आणि तेथे बारीक तारा डाखाव्यात.

आता कोणत्या दोन तारा जोडल्या असता कोणती कळ दाबल्यासारखे होते, ते शोधायचे. ही पट्टी संगणकाला जोडावी, एक कोरे पान उघडावे आणि तारांची टोके एकमेकांना लावत जावे. पडद्यावर अक्षरे उमटू लागतात. कळा नाहीत, बोटे नाहीत, तरी यंत्र आपले पुटपुटत असते. काही जोड्या मुक्या राहतात. कारण रेघांचे आडव्या आणि उभ्या असे दोन गट असतात, आणि एकाच गटातील दोघींची भेट झाली तरी अक्षर जन्मत नाही. तासाभरात वहीत नकाशा तयार होतो. आम्हाला त्यातल्या दोनच जोड्या हव्या होत्या : विंडोज कळीची आणि डी या अक्षराची. या दोन कळा एकदम दाबल्या की सर्व खिडक्या मिटतात.

दोन कळा एका बटणाने दाबायच्या, ही खरी मेख. चारही तारा एकत्र पिळून भागत नाही. मग नको त्या रेघा एकमेकींना भिडतात आणि भलतीच अक्षरे येतात. दोन्ही जोड्या एकाच क्षणी, पण परस्परांपासून अलिप्त राहून जुळल्या पाहिजेत. येथे आमच्या उपयोगी पडले ते दारावर लावण्याच्या चोरघंटीतील रीड स्विच. काचेची इवलीशी नळी, आत एकमेकींना जेमतेम न टेकणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या. चुंबक जवळ आणला की त्या चिकटतात, दूर नेला की सुटतात. १९३६ साली बेल प्रयोगशाळांत वॉल्टर एलवुड यांनी ही कल्पना काढली आणि पुढे टेलिफोनच्या केंद्रांनी ती भरपूर वापरली. अशा दोन नळ्या शेजारी शेजारी बांधल्या की एकच चुंबक दोहोंना मिटवतो. चुंबक बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला. तो इतका जोरकस असतो की दोन तुकड्यांमध्ये बोट सापडले तर कातडी निघते. नळीच्या तारा वाकवताना त्या काचेजवळ चिमट्याने धराव्यात, नाहीतर काच तडकते. विंडोज कळीची नळी चुंबकाच्या वाटेवर किंचित अलीकडे असावी, म्हणजे ती आधी जुळते. उलट झाले तर पडद्यावर एक पोरका डी उमटतो आणि सगळे गुपित त्या एका अक्षराने फुटते.

या रचनेत डोळ्यांना दिसेल असे बटणच राहत नाही, आणि तिची मौज आम्हाला यातच वाटते. नळ्या अर्ध्या इंचाच्या प्लायखाली, चुंबक टाचणीच्या डबीच्या बुडाशी. डबी सहज सरकवावी, पडदा कोरा. मराठीच्या वर्णमालेत ऌ नावाचा एक स्वर आहे. शाळेत तो सगळे म्हणतात. पुढे आयुष्यभर तो क्लृप्ती या शब्दाशिवाय फारसा कोठे भेटत नाही. त्या अक्षराने नेमका हाच शब्द आपल्यासाठी राखून ठेवावा याचे आम्हाला कौतुक वाटते. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके ज्याला 'जुगाड' म्हणून गौरवतात, त्या शब्दात तात्पुरतेपणाची शेखी आहे. क्लृप्तीत योजना आहे.

आता त्या हसण्याकडे वळू. या कळीचा पूर्वज इंग्रजीत 'बॉस की' या नावाने ओळखला जातो. १९८०च्या दशकातील संगणकी खेळांत ती असे. साहेब आला की दाबायची, आणि खेळाच्या जागी आकड्यांचा खोटा तक्ता झळकायचा. पुढे अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलच्या इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणातही तसे बटण आले. सारा मामला थट्टेचा होता. साहेबालाही तो ठाऊक असे आणि पुष्कळदा साहेब स्वतःही ती कळ वापरत असावा.

पण हीच कळ अन्यत्र अत्यंत गंभीर चेहऱ्याने वावरते. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना मदत करणाऱ्या संकेतस्थळांवर 'हे पान ताबडतोब सोडा' असे बटण असते. ब्रिटिश शासनाने आपल्या संकेतस्थळांसाठी ठरवलेल्या घटकांत त्याचा रीतसर समावेश आहे. बटण दाबावे किंवा शिफ्टची कळ तीनदा दाबावी, की मदतीचे पान जाऊन त्या जागी हवामानाच्या अंदाजासारखे निरुपद्रवी पान येते. खेळातल्या खोट्या तक्त्याची जागा येथे पावसाच्या अंदाजाने घेतली आहे. यंत्रणा तीच, फक्त पाठीमागे येणारा माणूस बदलला. ज्या घरात संगणक बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर असतो, तेथे नोकरीचा अर्ज लिहिणारी सून, कविता लिहिणारा मुलगा, वकिलाला पत्र लिहिणारी बहीण यांना एका क्षणाची आड हवी असते. त्यांच्याकडे पाहून हसण्याचे धैर्य आम्हाला होत नाही. ज्यांनी आपला चोरटेपणा स्वेच्छेने पत्करलेला नाही, त्यांच्या चोरटेपणाविषयी नीतिपाठ देण्यापूर्वी त्यांना कडी लागणारी खोली देता येते काय, ते पाहावे.

अर्थात या क्लृप्तीचा वकूबही ओळखला पाहिजे. ती फक्त मनुष्याचा डोळा चुकवते. ब्रिटिशांचे ते बटणही न्याहाळकातला इतिहास पुसत नाही, आणि वापरणाऱ्या व्यक्तीला तसे स्पष्ट सांगावे अशी सूचना त्यासोबत दिलेली आहे. २०२०च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणाऱ्या नोकरदाराच्या पडद्याची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेणारी, कळांचे ठोके मोजणारी आज्ञावली सर्वत्र पसरली. तिच्यापुढे मेजाखालच्या चुंबकाची मात्रा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. पण २०२३च्या वैयक्तिक विदेच्या संरक्षणाच्या कायद्याने, नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची वाट मालकासाठी मोकळी ठेवली. पूर्वीचा साहेब निदान पावले वाजवत येई. आताचा येतही नाही आणि जातही नाही. त्याच्याशी लढायचे तर कायद्याच्या आणि संघटनेच्या बळावरच लढावे लागेल. डाख देऊन ते होणार नाही.

मग ही कळ करावी तरी कशाला? आमच्या लेखी दुसरेही एक कारण आहे, आणि त्याचा संबंध लपवण्याशी नाही. आपल्या बोटांखाली कोणती कळ असावी हे आजवर कोणी ठरवले, ते पाहावे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तिहेरी जोडी आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१च्या संगणकासाठी योजली. चुकून दाबली जाऊ नये म्हणून मुद्दाम अशी अडचणीची. २०१३ साली हार्वर्डमध्ये बोलताना बिल गेट्स यांनी कबूल केले, की लॉगिनसाठी आम्हाला एकच बटण हवे होते, पण कळफलक बनवणाऱ्याने ते दिले नाही. जगातल्या सर्वात धनाढ्य माणसांपैकी एकाला एक बटण मिळाले नाही! अर्थात त्याच्या कंपनीने १९९४ साली आपले चिन्ह असलेली विंडोज कळ कळफलकावर आणून त्याचे उट्टे काढले, आणि जानेवारी २०२४ मध्ये कोपायलट या आपल्या कृत्रिम मदतनिसाची कळ जाहीर केली. ही नवी कळ यंत्राला काय सांगते, ते पाहिले की गंमत वाटते. ती विंडोज, शिफ्ट आणि एफ-२३ एकदम दाबल्याचे भासवते. आज कोणाच्या मेजावरच्या कळफलकावर एफ-२३ दिसते? जुन्या आयबीएम टर्मिनलांवर एफ-२४ पर्यंत कळा असत. त्या गेल्या, त्यांचे क्रमांक यंत्राच्या भाषेत राहून गेले, आणि कंपनीने त्यातलाच एक उचलला. म्हणजे दुसऱ्या कळांचे सोंग घेणारी कळ कंपनीनेही केलीच. आमची विंडोज-डी आणि त्यांची कोपायलट यांच्या जातकुळीत काही अंतर नाही. त्यांच्या कळीचा अर्थ मात्र त्यांनी ठरवलेला, आमच्या कळीचा आम्ही.

हे अंतर किती मोठे आहे ते निरोगी हातांना लवकर समजत नाही. स्टीफन हॉकिंग कित्येक वर्षे हातातल्या एकाच बटणावर लिहीत होते, आणि हात निकामी झाल्यावर गालाच्या स्नायूच्या हालचालीवर. ज्यांना एकच बोट, एकच गुडघा किंवा नुसती मान हलवता येते, अशा असंख्य माणसांसाठी 'एक कळ' हेच सारे वाङ्मय असते. त्यांच्यासाठी बनवलेली तयार बटणे महाग असतात. आणि आत असते काय, तर स्पर्श होताच जुळणाऱ्या दोन पट्ट्या. भंगारातली हिरवी पट्टी आणि काचेची नळी तेच काम करते, आणि गुडघ्यापाशी बसवायची की उशीपाशी, हे ज्याचे त्याला ठरवता येते. मेजाखाली कळ बसवायला शिकलेला मुलगा उद्या आजोबांच्या खाटेशी ती बसवू शकेल. ललित लेखनात हळवे होऊन हातांच्या सुरकुत्यांवर लिहिणाऱ्या आमच्या पिढीला हात असे कामाला लावणे फारसे कोणी शिकवले नाही, हे जाता जाता नमूद करतो.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. ही कळ आपल्याच यंत्राला जोडावी. संगणक कोणत्याही कळफलकावर आंधळा विश्वास ठेवतो. जोडलेली वस्तू स्वतःला कळफलक म्हणवते एवढे त्याला पुरते. २०१४ साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत संशोधकांनी दाखवून दिले, की साधी यूएसबीची कांडी कळफलकाचे सोंग घेऊन मालकाच्या नकळत आज्ञा टंकू शकते. दुसऱ्याच्या यंत्रात न सांगता खुपसलेली गुप्त कळ ही त्याच घराण्यातली, आणि कार्यालये यूएसबीची भोके बंद करतात त्यात सर्वस्वी जुलूम नाही. आड शोधणे आणि सुरुंग लावणे यांत जो फरक आहे, तो येथे आहे.

पट्टी काढून घेतल्यावर कळफलकाचे बाकीचे कलेवर उरते. वरचे प्लॅस्टिक, आतला पत्रा असेल तर तो, आणि तार भंगारवाला घेतो. शाईच्या रेघांचे पापुद्रे तो नाकारतो. ते ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावेत, जाळू नयेत. रबराच्या टोप्यांची चादर मेजाच्या पायांखाली घातली तर मेज हलत नाही, आणि वरची टाचणीची डबी आपोआप सरकत नाही.