यंदा कर्तव्य आहे, नाहीतर शेवंड!

‘द लॉबस्टर’ हा पिक्चर २०१५ साली आला. कानला त्याला ज्युरी प्राइझ मिळालं आणि तेव्हापासून ज्याने ज्याने बघितला तो एकच सांगतो, "भयंकर विचित्र आहे रे!" मला हे अजिबात पटत नाही. विचित्र काय आहे त्यात? सातारा-सांगलीकडच्या ज्या घरात तिशीला टेकलेला बिनलग्नाचा मुलगा किंवा पंचविशी ओलांडलेली मुलगी आहे, त्या घरासाठी हा पिक्चर म्हणजे निव्वळ डॉक्युमेंटरी आहे. फक्त माणसाचा प्राणी करायचं मशीन अजून आपल्याकडे आलेलं नाही, एवढंच.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक योर्गोस लँथिमोस, मूळचा ग्रीसचा. त्याच्या या जगात एकटं राहणं हा गुन्हा आहे. बायको सोडून गेली, नवरा वारला, कारण काही असो, तुम्हाला उचलून एका हॉटेलात ठेवतात. मुदत ४५ दिवस. तेवढ्यात जोडीदार मिळवा, नाहीतर तुमचा प्राणी करणार. कुठला प्राणी, ते मात्र तुम्ही ठरवायचं (केवढं ते स्वातंत्र्य!). आपला हिरो कॉलिन फॅरेल म्हणतो, मला लॉबस्टर करा. म्हणजे आपली शेवंड. का, तर ती शंभर वर्षं जगते आणि त्याला समुद्र आवडतो. हॉटेलात नाव नोंदवताना तो बुटाचा नंबर साडेचव्वेचाळीस सांगतो. उत्तर मिळतं, अर्धे नंबर नसतात. चव्वेचाळीस नाहीतर पंचेचाळीस.

इथे मी पिक्चर पॉज करून हसत बसलो होतो. कारण लग्नाच्या साइटवरचा फॉर्म भरताना हाच अनुभव येतो. रास, नाड, गण, उंची, पॅकेज, पोटजात, पुण्यात फ्लॅट आहे/नाही. प्रत्येक रकान्याला ड्रॉपडाऊन. ‘मला अजून ठरवायचंय’ हा पर्यायच नाही. सगळी फील्ड्स मँडेटरी, आणि शेवटी ‘अपेक्षा’ या रकान्यात सगळ्यांचं एकच उत्तर: अनुरूप.

हॉटेलातली अनुरूपता तर फारच भारी आहे. दोघांत एक गोष्ट समान असली की झाली जोडी. एकीच्या नाकातून सारखं रक्त येतं, तर तिला मिळवण्यासाठी एक लंगडा तरुण गुपचूप स्वतःचं नाक आपटून रक्त काढत राहतो. हे बघून तुम्ही "शी!" म्हणणार असाल तर आधी आपले बायोडेटा काढा. बाराचं पॅकेज अठराचं होतं, भाड्याचा फ्लॅट ‘स्वतःचा’ होतो, चार भावांत वाटलेलं वीस गुंठे रान ‘बागायती शेती’ होतं. आणि मुलीकडून? सकाळी आठला उठणारी मुलगी ‘गृहकृत्यदक्ष’ होते, नोकरी सोडायची नसलेली ‘तडजोडीस तयार’ होते. सगळ्यांनी नाक आपटून घेतलेलं आहे. मग लग्नानंतर वर्षभरात रक्त यायचं थांबतं आणि दोन्हीकडचे म्हणतात, फसवलं आम्हाला! पिक्चरमध्ये जोडप्यात भांडणं व्हायला लागली की हॉटेलवाले त्यांना एक मूल देऊन टाकतात, म्हणजे सगळं सुरळीत होईल. हा सल्ला तुम्ही कुठल्या मावशीकडून ऐकलाय ते आठवा.

इथपर्यंत गंमत आहे. आता जरा गंभीर.

आमच्याकडे सध्या कुठल्याही लग्नात, पारावर, उसाच्या बांधावर एकच रडगाणं ऐकू येतं: मुलीच मिळत नाहीत. आणि त्याला जोडून दुसरं वाक्य: मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात तर बिनलग्नाच्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर कचेरीवर मोर्चाच नेला. हा सीन लँथिमोसला सुचला असता तर समीक्षकांनी काय कौतुक केलं असतं! आपल्याकडे तो बातम्यांत दाखवला गेला आणि लोक हसले.

मला हसू आलं नाही, कारण त्या मोर्चामागचं गणित मला माहीत आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? सातारा जिल्हा ८७८, सांगली जिल्हा ८५१. निसर्गाच्या हिशोबाने त्या साडेनऊशेच्या आसपास पाहिजेत. म्हणजे सांगलीत हजारामागे साधारण शंभर मुली गायब. आणि त्या गणनेतली पोरं आज किती वर्षांची आहेत? बरोबर, लग्नाच्या वयाची. त्या हजारातला एक मी आहे. तेव्हा कायदा नव्हता असंही नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ लाच कायदा केला, देशाचा १९९४ ला आला. तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. आणि ज्या मुली जन्माला आल्या त्यांची काय कथा? ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला. त्या सगळ्यांचं नाव एकच होतं, नकुशी किंवा नकोसा.

आता सांगा, हॉटेल कुणी बांधलं? ज्या घरांनी मुलगी नको म्हणून सोनोग्राफीवाल्याला पैसे चारले, तीच घरं आज सून मिळत नाही म्हणून एजंटला पैसे चारतायत. तीच आजी, तोच काका! पोराला घोड्यावर बसवून मोर्चात पाठवण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा समोर बसवून विचारायला पाहिजे होतं, की १९९५ ते २००१ या काळात तुम्ही नक्की काय करत होतात? मोर्चेकऱ्यांनी निवेदनात गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवायची मागणी केली होती, हे खरं आहे आणि तेवढ्यापुरतं त्यांचं कौतुक. पण कायदा राबवायचा कशासाठी? पुढच्या पिढीला ‘नवऱ्या’ मिळाव्यात म्हणून? मुलगी जन्माला यावी ती कुणाची तरी बायको व्हायला, असं म्हणणं हे ‘नकुशी’चंच दुसरं टोक आहे. तेव्हा नको होती, आता हवी आहे. माणूस म्हणून ती दोन्ही वेळा हिशोबात नाही.

आणि अपेक्षा वाढल्या म्हणजे काय झालं? तिने आईला पहाटे पाचला उठून शेण काढताना, चुलत्यांची धुणी धुताना आणि सातबाऱ्यावर नावसुद्धा नसताना आयुष्यभर त्याच रानात राबताना बघितलंय. तिला ते नकोय. यात चूक काय? आपल्याला कंपनीत वर्षाला दहा टक्के वाढ मिळाली नाही तर आपण स्विच मारतो, तेव्हा त्याला आपण करिअर म्हणतो. तिने मारला की अपेक्षा!

मग उपाय काय, लग्नच नको? पिक्चरचा दुसरा अर्धा भाग नेमका इथे येतो, आणि शहरातल्या माझ्या मित्रांना तोच अडचणीचा वाटतो. हॉटेलातून पळालेले लोक जंगलात राहतात. तिथे एकटं राहायची पूर्ण मोकळीक आहे, पण प्रेम करायची बंदी. चुंबन घेतलं की ओठ कापणार. नाचायचं ते आपापल्या हेडफोनवर, एकेकट्याने. आपली कबर आपणच खणून ठेवायची. हिंजवडीत असलं जंगल मी रोज बघतो. "लग्न? वेडाबिडा आहेस का?" असं म्हणणारी गँग. त्यातल्या कुणी प्रेमात पडून सरळ लग्न ठरवलं की त्याची अशी काही टर उडवतात, जसं काही पक्षांतर केलं. गावाकडे लग्न न करणं हा गुन्हा, इथे करणं हा बावळटपणा. दोन्हीकडे ठरवणारे दुसरेच.

मला यातलं एकही नकोय. मला पाहिजे ती साधी गोष्ट: लग्न झालंय की नाही यावर माणसाची किंमत ठरू नये. आज ती ठरते. पुण्यात फ्लॅट भाड्याने घ्यायला जा, ‘फक्त फॅमिलीला’. गावात विधवा बाई हळदीकुंकवाला नको. चाळिशीचा एकटा माणूस म्हणजे त्याच्यात काहीतरी ‘प्रॉब्लेम’.

यावर हुकमी प्रश्न येतो, "म्हातारपणी कोण बघणार?" हॉटेलवालेही हेच नाटक करून दाखवतात. एकटा जेवणारा माणूस घास अडकून मरतो, बायको शेजारी असली की वाचतो. प्रश्न खोटा नाही, पण त्याचं उत्तर पेन्शन, दवाखाना आणि शेजारपाजार हे आहे. सून हा विमा नाही. आणि आपल्या संस्कृतीत हे बसत नाही म्हणणाऱ्यांना आपला भाग माहीत नाही. १९४३ नंतर याच मातीत प्रतिसरकारच्या लोकांनी थाटमाट, मानपान बंद करून कमी खर्चाची गांधी लग्नं लावली. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्ता बायकांना एकत्र केलं. नवऱ्याने टाकलेल्या या बायकांच्या मागण्यांत नवा नवरा नव्हता. स्वतःच्या नावावर रेशनकार्ड आणि घरासाठी जागा, हे त्यांनी मागितलं. एकट्या माणसाला पूर्ण माणूस म्हणून मोजा, याचा सरकारी भाषेतला अर्थ तोच होतो. चाळीस वर्षांपूर्वी शेतमजूर बायकांना जे समजलं, ते आपल्याला पदव्या घेऊन समजत नसेल तर कठीण आहे.

त्यामुळे आता घोड्यावर बसून मोर्चा काढायचाच असेल, तर मागणी बदला. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावा, ही पहिली मागणी. लग्न न करणाऱ्याला, न टिकलेल्याला, जोडीदार गमावलेल्याला घर भाड्याने द्या, ही दुसरी. मग ज्याला करायचंय त्याने खुशाल करावं लग्न, मी पंगतीत वाढायला येईन. पिक्चरच्या शेवटी हिरो एका रेस्टॉरंटच्या बाथरूममध्ये आरशासमोर सुरी घेऊन उभा असतो. त्याच्या मैत्रिणीला जंगलवाल्यांनी आंधळं केलेलं असतं, आणि तिच्याशी ‘अनुरूप’ व्हायला तो स्वतःचे डोळे फोडतो की नाही, हे दिग्दर्शक सांगत नाही. हॉटेल सोडून, जंगल सोडून इतक्या लांब आल्यावरही त्याच्या डोक्यात नियम तेच. दोघं पळून जाऊ शकत होते. एक डोळस आणि एक आंधळी, तरी जोडी चालली असती की!