आधी रेहेकुरी, मग गीर

मंडळी, यंदा आमच्या खर्ड्याच्या घरात सहलीचं वारं शिरलंय. कच्छचं रण, मांडवीचा समुद्र आणि गीरचे सिंह, सगळं एकाच आठ दिवसांच्या टूरमध्ये! कागदावर झकास दिसतं. माझं मत मात्र जरा वेगळं आहे.

भुज ते सासण गीर म्हणजे अख्खा दिवस गाडीत. त्यात रणातलं पाणी आटून पांढरं मीठ दिसतं ते थंडीत. दिवाळीच्या सुट्टीत बहुधा चिखलच बघावा लागेल. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, म्हणजे दिवाळीत ते जमतं. मग यंदा रण सोडा आणि गीरमध्ये दोन फेऱ्या करा. एका फेरीत सिंह दिसेलच असं नाही. शिवाय रोज नवं हॉटेल आजीच्या गुडघ्यांना झेपणारं नाही.

आणि त्याआधी एक रविवार शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला द्या. १९८० सालचं हे काळवीट अभयारण्य, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. आपली मुलं टीव्हीवरचा चित्ता ओळखतात, पण काळविटाची मादी तांबूस असते, हे त्यांना ठाऊक नाही. गप्प राहणं, वाट पाहणं, गवतात नजर स्थिर ठेवणं तिथं शिकता येईल. ते आलं, तर गीरच्या जिप्सीतला गाईड काय दाखवतोय ते कळेल. नाहीतर तीन तास ‘सिंह कुठाय?’ एवढंच चालेल.

तात्या, काकू, तुमचं काय म्हणणं? लवकर कळवा. गीरचे परवाने ऑनलाइन काढायचेत आणि त्यात प्रत्येकाचं नाव लागतं.