बिनगोडीच्या पानाची कसोटी

पाइपमध्ये ओढल्या जाणाऱ्या तंबाखूचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गात पानावर साखर, मळी, मध, ज्येष्ठमध किंवा कोको यांच्या पाकाचा संस्कार केलेला असतो आणि वरून सुगंधी द्रव्य दिलेले असते. दुसऱ्या वर्गातील पान केवळ वाळवलेले, मुरवलेले आणि कापलेले असते; त्यात बाहेरून गोडी घातलेली नसते. हा दुसरा तंबाखू बहुधा एकटा ओढला जात नाही. निरनिराळ्या जातींच्या आणि निरनिराळ्या वाळवणीच्या पानांचे प्रमाण जुळवून जे मिश्रण तयार होते, त्याचा तो घटक असतो. कोणी मिश्रणाला अंग देतो, कोणी सुवास, कोणी धग, तर कोणी नुसता संथ जळण्याचा गुण.

आपल्या देशात पाइप ओढणारे थोडे आहेत. तरीही या विषयाची दखल शेतकऱ्याने आणि विस्तार कार्यकर्त्याने घ्यावी, असे मला वाटते. बिनगोडीच्या पानात काहीच लपत नाही. माती, पाणी, खत, खुडणी आणि वाळवणी यांतील प्रत्येक चूक व प्रत्येक गुण त्या पानाच्या चवीत आणि जळण्यात उतरतो. पानाचा खरा गुण शेतात आणि भट्टीत घडतो. मग त्या गुणाचे माप शेतकऱ्याच्या हाती का नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

चव कोठे घडते

बिनगोडीचा म्हणजे साखरविरहित, असा अर्थ नव्हे. व्हर्जिनिया तंबाखूचे हिरवे पान पिष्टमय पदार्थाने भरलेले असते. भट्टीत सुरुवातीस सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता आणि पुरेशी आर्द्रता राखली, की पान जिवंत राहून पिवळे पडते आणि पिष्टाची साखर होते. त्यानंतर उष्णता टप्प्याटप्प्याने वाढवून पानाचा पडदा व शेवटी मधली शीर सुमारे ७० अंशांवर वाळवली जाते. ही सारी क्रिया पाच ते सात दिवसांची असते. साखर तयार झाली की पेशींचे कार्य थांबते, म्हणून ती पानातच राहते. व्हर्जिनियाची हलकी गोडी आणि गवताच्या गंजीसारखा उबदार वास ही या दिवसांची कमाई होय.

बर्लेची गोष्ट उलट आहे. हे पान सावलीत, वाऱ्यावर, महिना-दीड महिना किंवा त्याहून अधिक काळ सावकाश वाळते. तेवढ्या काळात पान आपली जवळजवळ सारी साखर स्वतःच्या श्वसनात खर्च करते. उरते ते सच्छिद्र, कोरडे, सुक्या मेव्यासारख्या किंचित कडवट चवीचे पान. १८६४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात फिकट पानांची श्वेत बर्ले प्रथम लक्षात आली. तिच्या सच्छिद्रपणामुळे ती पाक भरपूर शोषून घेते, म्हणून गोड मिश्रणांचा पाया बर्लेवर उभा राहिला. पण तीच बर्ले पाकाशिवाय वापरली, तर मिश्रणाचा गोडवा आवरते, धूर दाट करते आणि जळणे सुरळीत ठेवते. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील विनुकोंडा परिसरात बर्लेची लागवड होते.

तुर्कस्तान, ग्रीस आणि मॅसेडोनियाकडील पौर्वात्य तंबाखू लहान पानांचा आणि उन्हात वाळणारा असतो. हलकी, खडकाळ जमीन, कमी पाणी आणि दाट लागवड यांमुळे पाने लहान राहतात, आणि त्यांच्या लवेतून पाझरणाऱ्या चिकट राळेत सुवास साठतो. लटाकिया हा मूळचा सीरियाचा व पुढे सायप्रसचा तंबाखू पौर्वात्य पानालाच सुगंधी लाकूड व झुडपांच्या धुरात कोंडून तयार होतो. लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात होणारा पेरीक तर पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात महिनोन् महिने मुरवला जातो. त्यात साखर नाही, अत्तर नाही. तरी त्याला आंबूस फळाचा आणि मिरीचा स्वाद येतो. तो इतका तीव्र असतो, की मिश्रणात त्याचे प्रमाण अल्पच ठेवतात.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. चव देणारी क्रिया शेताच्या बांधापासून फार दूर गेलेली नाही. ज्याने पान वाढवले, त्यानेच किंवा त्याच्या शेजाऱ्याने ते वाळवले वा मुरवले.

जळण्याचा गुण आणि शेतकऱ्याचे खत

चवीइतकाच महत्त्वाचा गुण म्हणजे जळणे. पाइपमधील तंबाखू संथ, समान आणि वारंवार न विझता जळावा लागतो. पाक दिलेला तंबाखू ओलसर असतो, त्यामुळे त्याच्या जळण्यातील दोष कारखान्यातील कौशल्याने काही अंशी झाकता येतो. बिनगोडीच्या पानाला ही सोय नाही.

येथे सर्वांत मोठा शत्रू क्लोराइड हा आहे. पानातील क्लोराइड साधारणतः दीड ते दोन टक्क्यांच्या वर गेले, की पान ओलावा ओढून धरते, नीट पेटत नाही आणि पुन्हा पुन्हा विझते. हे क्लोराइड दोन वाटांनी येते: खारट विहिरीचे पाणी आणि म्युरेट ऑफ पोटॅश. म्हणूनच या पिकाला पालाश द्यायचे ते सल्फेट ऑफ पोटॅशच्या रूपात, हा नियम आहे. पालाश मुबलक असेल तर पान चांगले जळते. तेच पालाश क्लोराइडसोबत आले तर लाभ वाया जातो. स्वस्त पडते म्हणून घेतलेली खताची एक गोणी वर्षभराच्या कष्टांची प्रत घालवू शकते.

नत्राचेही तसेच आहे. व्हर्जिनियाला नत्र जास्त झाले तर पान उशिरा पिकते, भट्टीत गडद होते, त्यातील साखर घटते व निकोटिन वाढते. धूर उग्र होऊन घसा धरतो. शेंडा केव्हा आणि किती पानांवर खुडला, बगलेतील फुटवे वेळेवर काढले की नाही, यांवर पानाचे अंग आणि कडकपणा ठरतो. एकाच झाडाची तळाची पाने पातळ व सौम्य, तर वरची जाड व कडक असतात. मिश्रण करणाऱ्याला ही पाने वेगवेगळी हवी असतात. ती एकाच गठ्ठ्यात बांधली, तर प्रत्येक पानाचा गुण दुसऱ्यात बुडतो आणि गठ्ठ्याला सर्वांत हलक्या पानाचा भाव मिळतो.

गोडी काय लपवते

पानाला पाक देण्यामागे केवळ रुचीचा विचार नसतो. साखर जळताना आम्ले तयार होतात, धुराचा तिखटपणा मवाळ होतो आणि घशाला ठसका कमी लागतो. निकृष्ट पान त्यामुळे खपून जाते. साखरेच्या जळण्यातून ॲसिटाल्डिहाइडसारखी अपायकारक द्रव्येही धुरात वाढतात, हे प्रयोगशाळांनी दाखवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराखाली २०१० मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, रुची वाढवणाऱ्या घटकांवर मर्यादा वा बंदी घालण्याची शिफारस आहे, आणि त्यांत साखर व गोडी आणणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आहे. युरोपीय संघाने २०१६ पासून सिगारेट व हाताने वळायच्या तंबाखूत ठळक स्वाद देणाऱ्या घटकांना मनाई केली. पाइपचा तंबाखू तूर्त त्यातून वगळलेला आहे. वाऱ्याची दिशा मात्र स्पष्ट आहे. बाहेरून घातलेल्या स्वादाला जितकी कात्री लागेल, तितका पानाच्या अंगच्या गुणाला भाव येईल. तो भाव शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल की नाही, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

माप कोणाच्या हाती

दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या दुधाची फॅट किती लागली, हे त्याच दिवशी कळते. ऊस उत्पादकाला साखरेचा उतारा माहीत असतो, आणि त्यावर तो कारखान्याशी भांडू शकतो. कापूस उत्पादक धाग्याच्या लांबीची भाषा बोलतो. तंबाखू उत्पादकाच्या हाती असे काय आहे? व्हर्जिनियासाठी तंबाखू मंडळाची नोंदणी आणि लिलावाची व्यवस्था आहे, आणि खाजगी खरेदीच्या जुन्या अनिश्चिततेच्या तुलनेत ती मोठी सुधारणा आहे. तरीही लिलावाच्या ओट्यावर पानाची प्रत मुख्यतः डोळा, हात आणि नाक यांनी ठरते. निकोटिन, साखर आणि क्लोराइड यांचे आकडे खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत असतात. शेतकऱ्याच्या खिशात नसतात.

विडीच्या तंबाखूत तर एवढीही व्यवस्था नाही. विडीचा जर्दा साधारणतः बिनगोडीचाच असतो, आणि तोही निरनिराळ्या भागांतील पानांचे मिश्रण असतो; म्हणजे पाइपच्या मिश्रणाचे सारे तत्त्व त्याला लागू पडते. निपाणी आणि चरोतर येथील पानांचा गुण व्यापारी चिमूटभर जर्द्यावरून ओळखतो. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू उत्पादकांनी जे आंदोलन केले, ते भावासाठी होते. त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. भाव कशावर ठरतो, हे ज्याला सांगितले जात नाही, त्याच्याजवळ रस्त्यावर येण्यावाचून दुसरे साधन उरत नाही. त्या घटनेचा हा अर्थ आपण अजून पुरता घेतलेला नाही.

यावर अनुभवी खरेदीदार म्हणतात, की चव आकड्यांत मावत नाही; कसलेल्या नाकाला पर्याय नाही. हे खरे आहे. समान साखर व समान निकोटिन असलेली दोन पाने चवीला भिन्न असू शकतात. पण नाकाला पर्याय नसला, तरी नाकाला साक्षीदार असावा. क्लोराइड दोन टक्क्यांच्या वर आहे म्हणून भाव कमी, असे कारण कागदावर मिळाले, तर शेतकरी पुढील हंगामात विहीर बदलेल, खत बदलेल. 'माल हलका आहे' एवढ्या शब्दांतून तो काहीच शिकत नाही.

विस्ताराचे काम

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. लावणीपूर्वी माती परीक्षणाबरोबर सिंचनाच्या पाण्यातील क्लोराइडची तपासणी व्हावी, आणि पाणी खारट निघाले तर त्या शेतात हे पीक न घेण्याचा सल्ला स्पष्ट शब्दांत द्यावा. भट्टीच्या प्रत्येक फेरीची उष्णता, आर्द्रता आणि तास यांची नोंदवही ठेवण्याची सवय शेतकऱ्याला लावावी. झाडावरील स्थानानुसार पाने वेगळी बांधावीत. वजनासाठी पाणी शिंपडणे आणि गठ्ठ्यात सुतळी, प्लास्टिक वा गवत जाऊ देणे कटाक्षाने टाळावे. शेवटचे आणि महत्त्वाचे म्हणजे विक्रीच्या वेळी निकोटिन, साखर व क्लोराइड यांच्या आकड्यांची चिठ्ठी शेतकऱ्याला मिळावी. राजमहेंद्री येथे १९४७ मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था या नावाने सुरू झालेली संस्था तेव्हापासून या विषयात काम करीत आली आहे. आणंद आणि निपाणी येथे विडीच्या तंबाखूवर संशोधन झाले आहे. पृथक्करणाचे ज्ञान देशात आहे. ते बाजाराच्या ओट्यापर्यंत आणणे एवढेच बाकी आहे.

एक आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या पिकाने कर्करोग आणि हृदयविकार पसरतो, त्याच्या चवीची चर्चा शेती संशोधनाच्या व्यासपीठावर का करावी? या आक्षेपाला बगल देता येत नाही. बिनगोडीचा तंबाखू म्हणजे निर्धोक तंबाखू नव्हे. सावलीत वाळणाऱ्या, नत्र अधिक घेतलेल्या बर्लेत कर्करोगकारक नायट्रोसअमाइन अधिक असू शकतात. धूर पाइपचा असो वा विडीचा, तो अपायकारकच आहे. दवाने ओले पान खुडताना निकोटिन कातडीतून शरीरात जाते आणि मजुराला मळमळ, चक्कर येते. म्हणून खुडणीस हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, आणि मुलांना या कामापासून दूर ठेवावे. भारताने २००४ मध्ये तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली आहे, आणि त्या कराराचे सतरावे कलम उत्पादकांना पर्यायी उपजीविका देण्याविषयीच आहे.

म्हणून नव्या शेतकऱ्याने या पिकाकडे वळावे, असे मी मुळीच म्हणत नाही. जो आज या पिकात आहे, त्याला अंधारात ठेवून पीक सुटणार नाही. तो फक्त अधिक कर्जात जाईल आणि पुढच्या वर्षी आणखी एकरभर लावील. ज्याला आपल्या पानाचे माप कळते, त्याला आपला खरा खर्च आणि खरी प्राप्तीही कळते. भट्टीचे सरपण, मजुरी आणि आरोग्य यांची किंमत धरून ताळेबंद मांडला, तर कोणत्या शेतात हे पीक परवडते आणि कोणत्या शेतात हरभरा, मका किंवा मिरची बरी, हा निर्णय तो स्वतः घेऊ शकतो. पर्यायी पिकाचा सल्लाही अशाच शेतकऱ्याला पटतो, कारण तो तुलना करू शकतो.

येत्या हंगामात प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने निदान आपल्या भागातील विहिरींच्या पाण्याचे क्लोराइड तपासून गावाच्या फळ्यावर लिहावे. खर्च अल्प आहे, साधने हाताशी आहेत, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. चिठ्ठीची मागणी उत्पादकांनी एकत्रितपणे लिलावाच्या ओट्यावर करावी. पानाचा गुण ज्याच्या घामातून आला, त्या गुणाचा आकडा प्रथम त्यालाच कळला पाहिजे.