छोटा छर्रा, मोठा सराव

मुलगी एन.सी.सी.च्या शिबिरातून परतते ती हरखूनच. 'पॉइंट टू-टू' रायफलने पाचपैकी चार गोळ्या नेमक्या बसलेल्या! ''मला नेमबाज व्हायचंय,'' ती जाहीर करते. आईला कौतुक वाटते. वडील मात्र मनातल्या मनात हिशेब मांडू लागतात.

हिशेब मांडायलाच हवा. या खेळात रायफल एकदा घेतली की भागते, पण काडतुसांचा खर्च कायमचा मागे लागतो. ५० मीटर 'थ्री पोझिशन' स्पर्धेच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडाव्या लागतात. नेम जुळवण्यासाठीच्या वेगळ्याच. सरावाला त्याहून कितीतरी जास्त. शिवाय .२२ काडतुसाची कडाच ठोक्याने चेपते, त्यामुळे मोठ्या काडतुसांप्रमाणे ते पुन्हा भरता येत नाही. गोळी सुटली की पैसाही सुटला!

गंमत म्हणजे .२२ हीच मुळात काटकसरीची युक्ती. लष्करी .३०३ ची काडतुसे महाग आणि तिला मैदानही मोठे लागे. म्हणून तशाच बांध्याच्या .२२ रायफलवर नव्या शिपायांचा हात बसवला जाई. आजच्या पालकांनी आणखी एक पायरी खाली उतरावे: .१७७, म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल. तिला बारूद लागत नाही. शिशाचा छर्रा हवेच्या दाबाने सुटतो आणि .२२ काडतुसाच्या तुलनेत तो कितीतरी स्वस्त पडतो. २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या अशा रायफलला परवानाही लागत नाही; .२२ ला मात्र तो लागतोच.

स्वस्त म्हणजे दुय्यम असे नव्हे. दहा मीटरवरच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. उभे राहण्याची ढब, श्वासावरचा ताबा, चाप हळुवार ओढणे हे सारे इथेच अंगी मुरते. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले ते एअर रायफलवरच.

मात्र प्रत्येक बचतीला मर्यादा असते. ५० मीटरवर गोळी ढकलणारा वारा, गुडघ्यावर बसून किंवा पालथे पडून साधायचा तोल, हे छर्रा शिकवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले ते .२२ वर. तिथवर जायचे तर एक दिवस काडतुसांवर खर्च करावाच लागतो. पण तो पाया पक्का झाल्यावर.

तोवर एक सराव अगदी फुकट आहे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नुसताच नेम धरायचा आणि चाप ओढायचा. आणि एक पथ्य कायमचे: परवाना नको म्हणून एअर रायफल खेळणे ठरत नाही. ती चालवायची नेमबाजी केंद्रातच. गच्चीवर किंवा अंगणात मुळीच नाही.

मुलीला स्वप्नाची पहिली पायरी मिळावी आणि महिनाअखेरी घरच्यांना हात आखडावा लागू नये, एवढे हा छोटा छर्रा नक्की साधतो.